नवा तळ

— नाही नाही, बूट आता मागू नका जावईबापू, टाच उखडून ठेवलीय मी, हे बघा, खिळे सगळे बाहेर — आता काय एका टाचेवर जाणार? बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लुळा आहे, इकडे खुर्चीवर बसा. आईची खुर्ची आहे, पण बसा, आता ती कुठे ओरडायला आहे. मोज्यांपर्यंत पाणी गेलं वाटतं? जाणारच — वरच्या अंगाला लाँड्री आहे ना, तो दुपारी साबणाचं पाणी सोडून देतो, ते सगळं आपल्या पायऱ्यांवरून पार खालच्या रस्त्यापर्यंत जातं. कितीदा भांडले त्याच्याशी, ढिम्म. पण चढताना काही होत नाही हो. चढताना माणूस पुढे झुकलेला असतो. उतरतानाच काय ते.

ठकी? आहे की, आतल्या खोलीत. तुम्ही न्यायला आलात हे सांगितलंय मी तिला, बॅग भरतेय. भरतेय म्हणजे — भरते आणि परत रिकामी करते, सकाळी तुमचा फोन आल्यापासून तेच चाललंय. आणि तिची एक चप्पल सापडत नाहीये. डावी. उजवी दाराशी आहे, डावी नाही. सापडेल. घर केवढं आपलं, जाणार कुठे? तोवर तुमचे बूट होतात माझे. तुम्ही दारात बूट काढले आणि मी उचलले, ते तुम्हाला आवडलं नाही — बघितलं ना मी तुमच्या तोंडाकडे. पण तळ पार गेलाय हो. अंगठ्याखाली भोक पडायच्या बेतात. एवढा साहेब माणूस, वरून पॉलिश आणि खाली हे! आमच्या घराची खोडच आहे ही, कुणी आलं की आधी त्याच्या पायाकडे बघायचं. आईनं लावलेली खोड. ती गेली, खोड राहिली.

फार आठवण येते हो तिची. तुम्हाला सांगते, रोज सकाळी मी अजून दोन कप चहा टाकते, आणि मग दुसऱ्या कपाकडे बघत बसते. मला कळायला लागल्यापासून ती या खिडकीशी बसलेली — मांडीवर फडकं, हातात आरी, तोंडात खिळे. तोंडात खिळे धरूनच बोलायची. मला आणि दादाला वाटायचं, सगळ्या आया अशाच बोलतात, ओठांच्या कोपऱ्यातून. रागावली की एकेक खिळा काढून समोर ठेवायची, आणि शेवटचा निघाला की आम्ही पळत सुटायचो. शेवटी शेवटी ठकी तिला भरवायची ना, तेव्हाही घास घेण्याआधी आई गालातून जीभ फिरवून बघायची, खिळा राहिलाय का म्हणून. हसा हसा, ठकीही हसायची. मग मागच्या खोलीत जाऊन रडायची. आजीचीच होती ती पोरगी. मी नावाला आई. या दुकानात या टेबलाखाली वाढली, चामड्याचे तुकडे खेळायला, आणि आजीच्या पायाला पाठ टेकून झोप.

चेहऱ्याकडे बघायचीच नाही आई. गिऱ्हाईक आलं की बूट उलटा. मग सांगणार — तुम्ही दिवसभर उभ्या असता, डावा गुडघा दुखतो, नवीन घर चढावर आहे का? आणि बरोबर असायचं. एकदा एक मास्तर आले, त्यांना म्हणाली, मास्तर, हल्ली शाळेत जात नाही का तुम्ही? टाचेत खडूची पूड नाही, बागेतली वाळू आहे. मास्तरांचं तोंड असं झालं! परत आलेच नाहीत. त्यांचे बूट अजून आहेत त्या वरच्या फळीवर, बघा, तपकिरी. आई दर वर्षी पुसून ठेवायची. म्हणायची, येतील, थंडी पडली की येतील.

थांबा, हा टाका नीट बसू दे... हं. हे नवं चामडं बघा. हात फिरवून बघा ना, घाबरताय काय. कसं आहे? गुळगुळीत. आता हा तळ असाच घालून दिला तर माणूस पहिल्याच दिवशी सपशेल आडवा. म्हणून आई शेवटी कानस फिरवायची. ती बघा, आतल्या दाराशेजारी खिळ्याला टांगलीय. आडवी फिरवायची, उभी फिरवायची, सगळा तळ खरखरीत करून टाकायचा. गिऱ्हाइकं कुरकुरायची, बाई, नवाकोरा तळ ओरबाडला तुम्ही! तर म्हणायची, चमक बघत बसायचंय का घरी पोचायचंय? आणि ती कानस आणून द्यायचं काम घरातल्या लहानाचं. आधी माझं होतं. शेवटचा टाका झाला, दोरा कापल्याचा आवाज आला की मी कानस घेऊन तिच्यापुढे उभी. मग ठकीचं झालं. एवढीशी होती, दोन्ही हातांनी धरून आणायची, आणि आजी म्हणायची, आली का माझी कानसवाली!

ठकी! झालं का गं? ... नाही म्हणतेय. चप्पल नाही म्हणतेय.

चपलेचं हसण्यावारी नेऊ नका. तुम्ही नवे, तुम्हाला ठाऊक नाही. आमच्या घरात एक चप्पल हरवली तर ती हरवत नसते. आई लपवायची. कुणी जाऊ नये असं तिच्या मनात आलं, की डावा बूट गायब. बोलायची नाही, अडवायची नाही, रडणं-भेकणं तर नाहीच. फक्त बूट नाही. शोधा घरभर! सुरुवातीला आम्ही चिडायचो, दादा तर भांडी आपटायचा. पण मग ते ट्रकचं झालं. दादा तेव्हा कारखान्याच्या टीममधून खेळायचा, दुसऱ्या गावी मॅच होती, सगळी पोरं ट्रकमधून जाणार, आणि निघायच्या वेळी दादाचा डावा बूट नाही. ट्रक खाली रस्त्यावर हॉर्न वाजवतोय, दादा आईला वाट्टेल ते बोलतोय, ती आपली शिवतेय. शेवटी ट्रक गेला. आणि पुलावरच्या वळणावर — कठडाच तोडून गेला खाली. एकही पोरगा... जाऊ दे. संध्याकाळी दादाला बूट मिळाला, पिठाच्या रिकाम्या डब्यात होता. अख्खी गल्ली म्हणायला लागली की बाईला पुढचं दिसतं. दिसतं कसलं! त्या ट्रकच्या ड्रायव्हरचे बूट आले होते तिच्याकडे शिवायला. उजव्या बुटाचा तळ जवळजवळ कोरा होता. ती म्हणाली, जो माणूस ब्रेकवर पाय ठेवतो त्याचा उजवा तळ असा राहतो होय?

दादानं विचारलं तिला. किती दिवसांनी, पण विचारलं — तुला ठाऊक होतं, मग बाकीच्या पोरांच्या आयांना का नाही सांगितलंस? आई म्हणाली, त्यांचे बूट माझ्याकडे नव्हते.

एवढंच. आणि पुन्हा शिवायला लागली.

त्यानंतर कोण विचारतंय हो. बूट दिसला नाही की आम्ही गुमान घरात बसायचो. दादाला लांबची नोकरी लागली, चांगली, बूट गेला. तो गेला नाही. पुन्हा एकदा काहीतरी जमत होतं, पुन्हा बूट गेला. इथेच म्हातारा झाला बिचारा, या गल्लीतच गेला. तुम्ही म्हणाल ही काय माया. मीही म्हणायचे मनात. पण माझ्या लग्नाच्या दिवशी तिनं माझ्या दोन्ही चपला आणून पुढ्यात ठेवल्या, तळ हातानं खरवडलेले, आणि म्हणाली, चांगला माणूस आहे, त्याच्या दोन्ही टाचा सारख्या झिजतात. आणि होताच तसा. ठकीचे बाबा आज असते तर... तुमच्याशी तेच बोलले असते. मला बोलायला जमत नाही. मी आपली शिवते.

हा दुसरा द्या. पायाशी आहे तुमच्या, तो नाही, तो डावा, तो झाला शिवून; उजवा द्या. हं.

माझे बाबा? ठकीनं सांगितलं नाही का तुम्हाला? आईला विचारलं तर ती म्हणायची, पडले. पडलेच. तेलाच्या गिरणीत मुकादम होते. तिथे उंच टाक्या, वर जायला लोखंडी जिना, आणि लोखंडावर सदा तेल. गिरणीतले सगळे आईकडून बूट करून घ्यायचे, तिची कानस लागलेला बूट त्या जिन्यावर चिकटून बसतो म्हणायचे. बाबा बाहेर देवमाणूस. गिरणीत कुणाचं पोर आजारी पडलं की बाबा धावणार. घरात — घरात आम्ही त्यांच्या बुटाचा आवाज ओळखायचो. जिन्यावर कसा वाजतो त्यावरून कळायचं, आज समोर जायचं की टेबलाखाली. त्यांच्या उजव्या बुटाचं टोक सारखं उसवायचं. फक्त उजव्याचं. आई शिवायची, पुन्हा उसवायचं, पुन्हा शिवायची. मी एकदा विचारलं, आई, बाबांचा एकच बूट कसा गं फाटतो? तर तोंडातले खिळे न काढता म्हणाली, ठेच लागते त्यांना. आणि शिवताना बूट या मांडीवरून त्या मांडीवर घेतला तिनं, कारण या मांडीला काही टेकवत नव्हतं. कळतंय ना मी काय म्हणते ते? ज्या बुटानं तिला लागायचं तो बूट तीच नीट करून द्यायची. वर्षानुवर्षं. आणि चांगला करून द्यायची हो, तक्रारीला जागा नाही. तळ खरखरीत. माणूस घरी पोचायला हवा ना.

मग एकदा तो बूट माझ्यावर उठला. काय सांडलं होतं माझ्या हातून, दूध का काय. पोटरीवर अजून खड्डा आहे. बाबांनी बूट काढले, तिनं उचलले, म्हणाली, तळ बदलायला झालेत. चांगल्यातलं चामडं काढलं, गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेलं. टाके असे घातले की बघत राहावं. मी एका पायावर लंगडत कानस घेऊन आले आणि तिच्यापुढे उभी राहिले, रोजच्यासारखी. तिनं माझ्याकडे बघितलं. खूप वेळ. मग म्हणाली —

राहू दे गं. टांग जागेवर.

सकाळी दाराशी दोन्ही बूट. पॉलिश केलेले, त्यांत तोंड दिसावं असे. डावा होता, उजवा होता, दोन्ही. आई दारापर्यंत सोडायला गेली त्यांना, मी ते त्याआधी कधी बघितलं नव्हतं. बाबा खूश! म्हणाले, आज काय विशेष?

नंतर गिरणीतली माणसं बूट घेऊन आली. बूटच आधी आले. बायका रडायला लागल्या, कुणी दादाला धरलं, आणि आई ते बूट घेऊन मागच्या खोलीत गेली. मला म्हणाली, आता आण. कानस. मी दार धरून उभी राहिले आणि तिनं ते तळ खरवडले. आडवे, उभे. धुळीत घासले. मग गिरणीचा साहेब चौकशीला आला, बूट उलटेपालटे केले, म्हणाला, तळ तर चांगला खरखरीत आहे, नशीबच खोटं —

मी काय बोलतेय हे. हे मी कुणाला — हे दादालासुद्धा ठाऊक नव्हतं. आई जाऊन चार दिवस होत नाहीत तर मी तिला... तुम्ही आईबद्दल भलतंसलतं मनात आणू नका. फार मायेची बाई होती. या गल्लीत विचारा कुणालाही. पोरांचे बूट फुकट शिवायची, आमच्यावर कधी हात उचलला नाही तिनं, त्या दिवसानंतर घरात कुणी कुणाला मारलं नाही. मी तिच्यावर जीव टाकायचे. अजून टाकते. पडदा हलला का? हललाच. ऐकतेय ती आतून. ऐकू दे. तिची आजी आहे, तिला कळायला हवं.

उठताय कशाला? मोज्यांवर उठू नका, इथे खिळे पडलेत सगळीकडे, पायात जाईल एखादा. बसा. झालंच माझं. हात एवढा आपटू नका खुर्चीवर, आईच्या.

आता हा उजवा बघा तुमचा. हातात घेऊन बघा. टोक चेपलंय. इथे, इथे कातडं दोनदा दुमडलंय, हे बोटाला लागतंय ना? आणि डाव्याचं बघा, कसं आहे, आणल्या दिवसासारखं. तुम्ही ऑफिसात बसता. तिथे काय दगड फोडतात? खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या उजव्या बुटाचं टोक असं कशानं होतं, जावईबापू? नाही, मला सांगू नका. मी विचारत नाहीये. ठकी आली त्या दिवशी म्हणाली, जिन्यावरून पडले, चूक माझीच. ती प्रत्येक वेळी म्हणते चूक माझीच. आई तेव्हा अंथरुणावर होती, कुशीवरसुद्धा वळता यायचं नाही, पण ठकीचा पाय मागून घेतला आणि नडगीवर अंगठा फिरवला. खुणेवरून फिरवला, कडेकडेनं, जसं चामडं कापायच्या आधी माप घेतात तसं. मग मला हाक मारली. म्हणाली, त्याचे बूट बघितलेस का गं? मी म्हटलं, नाही. म्हणाली, बघ.

त्यानंतर ती असंबद्धच बोलायची. मला ओळखायचीसुद्धा नाही. भानावर असताना बोललेलं शेवटचं तेच.

म्हणून उचलले मी तुमचे बूट दारातून. राग मानू नका. आईनं सांगितलेलं एक काम राहिलं होतं.

ओरडू नका हो. खाली लाँड्रीत माणसं आहेत — नाही, वर. वर आहे लाँड्री, माझं काय चाललंय. तुम्ही तिला नेणार म्हणताय, न्या ना, मी कोण अडवणारी? मी कधी कुणाला अडवलं नाही, मला तेवढा धीरच नाही. चप्पलसुद्धा मी लपवली नाही, खरं सांगते, शपथ घेते. सकाळपासून मीही शोधतेय, पिठाच्या डब्यातसुद्धा बघून आले. आई असती तर म्हटलं असतं, आई. पण आई नाही. मग कुणी?

हा शेवटचा टाका. बघा, कसा बसला. तिच्यासारखा नाही, पण बरा आहे. दोरा कापते... हं. झाले. फडकं मारते एकदा. घ्या, कसे दिसतायत? तोंड दिसेल तुमचं. अहो घ्या ना हातात, चावतायत का —

आली बघा. ये गं, ये. बॅग कुठाय? ... बॅग नाही. मग हातात काय आहे तुझ्या? ही तुझी — अगं, ही तुझ्याकडेच होती? सकाळपासून? मी जमिनीवर लोळून पलंगाखाली शोधतेय आणि तू चप्पल उराशी धरून आत बसलीस होय! वेडी. अगदी आजीवर गेलीस. आणि त्या हातात?

कानस.

मी मागितली नव्हती हो, जावईबापू. तुम्ही बघितलंत, मी हाक मारली नाही. मघाशी मी टाक्यांत डोकं घालून बसले तेव्हा खिळ्यावरून काढून नेली असेल. लहानपणची सवय, दोरा कापल्याचा आवाज आला की हिचे पाय आपोआप इकडे वळतात. दे बाळ. दे की इकडे. दोन हात फिरवले की झालं, त्यांना पायऱ्या उतरायच्या आहेत, लाँड्रीवाल्यानं पाणी सोडलंय. मी देईन फिरवून. मी आजी नाही, तू म्हणशील तसं करीन. का थांबलीस? त्यांच्याकडे का बघतेस, माझ्याकडे बघ. ठकी? कानस दे.

...

बरं.

टांगलीस.

जावईबापू, बघितलंत ना? जागेवर टांगली तिनं. मी काही बोलले का मधे? आता माझ्याकडे बघून काय उपयोग. आवाज का बसला तुमचा, मघाशी तर केवढा होता. निघा आता. चहा राहिला, राहू दे. बूट घ्या. दोन्ही आहेत. डावा, उजवा, मोजून घ्या.

अहो, हातात काय धरलेत, घाला की! नाही? मोज्यांवर जाणार? तळ काय बघताय उलटा करून, चांगलं चामडं आहे, चांगल्यातलं. ... बरं, जशी तुमची मर्जी. भिंतीला धरून उतरा. सावकाश. मोज्यांवर नाही घसरत माणूस, पोचाल.

आणि पुन्हा हिला न्यायला यावंसं वाटलं, तर हेच बूट घालून या. दार ओढून घ्या जाताना.